पंखा चालू झाला तर

विजेचा पंखा ही बाहेरून बघायची वस्तू आहे, असं माझं आता ठाम मत झालेलं आहे. ज्याला काही उघडायची हौसच असेल त्याने कपाट उघडावं, वर्तमानपत्र उघडावं, फार तर खिडकी उघडावी; पंखा उघडू नये. हे मत बनायला मला रविवार ते शनिवार असे सात दिवस लागले. त्यातले पाच दिवस आमच्या घरात कुणी टेबलावर जेवलं नाही.

पंखा माझ्या आत्याचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय शहात्तर, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. तिची जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा ती ‘चार दिवस येते’ म्हणून आमच्याकडे आली, एक बॅग आणि हा पंखा घेऊन. टेबलावर ठेवायचा पंखा. म्हणजे म्हणायला टेबलावर ठेवायचा. बैठक बिडाची, पाती पितळेची, आणि जाळी इतकी विरळ की एखादं मांजर अंग न चोरता आरपार जाईल. मूळ रंग हिरवा असावा असा जाणकारांचा अंदाज. टॅक्सीवाल्याने त्याला हात लावायला साफ नकार दिला. मी तो तीन जिने चढवून वर आणला आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात तिरका बसलो. एवढं करून पंखा बंद पडलेला आहे, हे आत्याने वर आल्यावर सांगितलं.

आता आत्याला छताच्या पंख्याखाली झोप येत नाही. “डोक्यावर टांगलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही,” असं ती म्हणते. तिला वारा बाजूने लागतो. मी बाजारातून नवा प्लॅस्टिकचा टेबलफॅन आणून दाखवला. त्याच्यासमोर ती पाच मिनिटं बसली, “हा नुसती फुंकर घालतो,” असा शेरा मारला आणि तो परत करायला लावला.

त्यातच एक फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या बायकांसाठी एक निवास आहे, तिथे आत्याने कधीतरी नाव घालून ठेवलं होतं. खोली रिकामी झाली होती. शनिवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जेवताना आत्याने आम्हाला सांगून टाकलं, “पंखा चालू झाला तर राहते इथे. नाही झाला तर जाते. स्वतःचं काही चालत नाही अशा घरात मी पाहुणीच. पाहुण्याने किती दिवस राहायचं?”

मला आत्या हवी होती. हे सरळच सांगतो, कारण पुढे मी जे काही केलं ते त्याशिवाय शहाण्या माणसाला पटणार नाही. ती आल्यापासून घरात माझ्या बाजूने बोलणारं एक मत वाढलं होतं, हे एक. आणि संध्याकाळी दार उघडलं की आतून कुणीतरी “आलास का रे?” म्हणतं, हे पन्नाशीच्या माणसाला किती बरं वाटतं ते लोकांना माहीत नाही. बायकोलाही ती हवी होती. पण “राहा ना, आत्या,” असं म्हटलं की आत्याचं उत्तर एकच, “बघू पंख्याचं काय होतं ते.”

तेव्हा रविवारी सकाळी मी पंखा दुरुस्त करायला घेतला. पहिली अडचण अशी की त्याची पिन जुन्या काळची, दोन जाड गोल दांड्यांची, आणि आमच्या भिंतीतली भोकं आजच्या काळातली. मी दोन अडॅप्टर एकात एक घालून काळ जुळवला आणि बटण दाबलं. पंख्याने एक खोल हुंकार दिला. मला वाटलं, झालं काम! तेवढ्यात जिन्यातले दिवे गेले, पाण्याचा पंप थांबला आणि सबंध इमारत शांत झाली.

पाच मिनिटांनी दारावर थाप पडली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे. गृहस्थ तळमजल्यावर राहतात आणि मिशी विजेच्या यंत्राने कोरतात. दिवा गेला तेव्हा यंत्र नेमकं वळणावर होतं आणि हात दचकला. अर्धी मिशी जागेवर होती, अर्धी नव्हती. अशा चेहऱ्याकडे गंभीरपणे बघत बोलणं सोपं नसतं. मी त्यांच्या कानाकडे बघत दिलगिरी व्यक्त केली. मागून आत्या म्हणाली, “आता दुसरी बाजूही काढून टाका. दहा वर्षांनी लहान दिसाल.” यामुळे प्रकरण चिघळलं.

संध्याकाळी दाराखालून नोटीस आली. जुनी विद्युत उपकरणे चालवण्यासाठी समितीची लेखी परवानगी लागेल. अर्जासोबत मूळ खरेदीची पावती आणि वायरमनचा ‘उपकरण सुरक्षित चालते’ असा दाखला जोडावा. मी स्वतः आवक-जावक विभागात हेडक्लार्क आहे. लोकांचे अर्ज पावती नाही म्हणून परत पाठवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे अपमान झाला तरी मसुदा चांगला आहे हे मला कबूल करावं लागलं. फक्त ‘उपकरण’मधला ‘ण’ जरा घाईत काढला होता.

पावतीबद्दल आत्याला विचारलं. “त्या दुकानदाराच्या नातवालाच आता नातवंडं आहेत,” ती म्हणाली. म्हणून मी सोमवारी ऑफिसातून येताना नाक्यावरच्या वायरमनला घेऊन आलो. त्याने पंख्याभोवती एक चक्कर मारली, बोटाने पातं ढकललं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, नवा घ्या.”

“नवा घ्यायचा नाही. मला दाखला हवा आहे. सुरक्षित चालतो म्हणून.”

“चालतच नाही, तर सुरक्षित चालतो असं कसं लिहू?”

“आणि दाखला असल्याशिवाय मला तो चालवता येत नाही.”

“मग अवघड आहे,” वायरमन म्हणाला, आणि आत्याने दिलेला चहा पिऊ लागला.

असले पेच मी लोकांना नेहमी घालतो. त्यात स्वतः अडकल्यावर कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं, आणि कळलं ते मुळीच आवडलं नाही. शेवटी मार्ग बायकोने काढला. ती खाली गेली, सेक्रेटरींच्या मिशीची, म्हणजे नसलेल्या मिशीची, तोंडभर स्तुती केली आणि परवानगी घेऊन वर आली. शनिवारी सकाळी दहा वाजता, सेक्रेटरींच्या समक्ष, पंख्याची एक ‘चाचणी’ घ्यायची. वायरमनने तिथल्या तिथे दाखला लिहायचा. तोपर्यंत मी पंखा उघडून साफ करायचा. “आत नुसती घाण साठलीय,” वायरमन म्हणाला. “आणि हा कंडेन्सर गेलाय, हा डबीसारखा दिसतो ना, हा. नवा देतो मी. याच्या एका टोकाला लाइनची वायर आहे तशीच ठेवायची, आणि मोटरमधून दोन वायरी येतात त्या होत्या तशाच दोन टोकांना जोडायच्या. कुणालाही जमेल.”

‘कुणालाही’ हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी मनातल्या मनात ते नोंदवून ठेवलं.

माझी कामाची एक पद्धत आहे. ऑफिसात ती सर्वांना ठाऊक आहे. काही जण तिच्यामुळे बदलीसुद्धा मागतात. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली, एक कोरी वही घेतली आणि पंख्यातून निघालेल्या प्रत्येक भागाला क्रमांक दिला. स्क्रू, मोठा, मागील बाजू, गंजलेला: एक. त्याचा जोडीदार, न निघणारा: दोन. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, पाकिटावर क्रमांक, वहीत नोंद, नोंदीखाली सही. सही कशाला, असं बायकोने विचारलं. सहीशिवाय नोंद म्हणजे नुसतं लिखाण, असं मी तिला समजावलं. ती भाजी परतायला निघून गेली.

वायरींना पाकीट घालता येईना. तेव्हा आत्याने चष्मा लावला, सुई घेतली आणि कापडाच्या दोन चिंध्या वायरींवर अशा शिवल्या की त्या मोटरीबरोबरच जन्माला आल्यासारख्या वाटाव्यात. मी त्यावर सुवाच्य अक्षरात ‘डावी’ आणि ‘उजवी’ असं लिहिलं. “तुझं अक्षर लहानपणापासून चांगलं आहे,” आत्या म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी वहीत त्या दोन नोंदींखाली लाल रेघ मारली.

न निघणाऱ्या स्क्रूची बातमी कशी कोण जाणे, भिंतीपलीकडे गेली. शेजारी औषधांच्या दुकानाचे मालक राहतात. तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांना प्रत्येक तक्रारीवर काही ना काही देण्याची सवय झाली आहे. ते कापूस, स्पिरिट, ड्रॉपर आणि पट्टी करायची कात्री घेऊन आले. स्क्रूकडे वाकून बघत म्हणाले, “कधीपासून आहे हे?”

“पन्नासेक वर्षं झाली असतील,” आत्या म्हणाली.

“जुनाट आहे,” ते म्हणाले. “तेलाचे तीन थेंब सकाळी, तीन संध्याकाळी. मध्ये अजिबात ताण द्यायचा नाही.”

मी हसलो. पण बुधवारी सकाळी तो स्क्रू दोन बोटांनी निघाला, आणि तेव्हापासून आमच्या जिन्यात औषधवाल्यांचा भाव वधारला तो वधारलाच. आता चौथ्या मजल्यावरचे लोक त्यांना नळ दाखवतात.

मोटरीच्या आत काळं, घट्ट झालेलं तेल होतं. ते पुसता पुसता माझी दहाही बोटं कोळशासारखी झाली. गुरुवारी मी साहेबांपुढे फाइल ठेवली तर प्रत्येक पानावर डावीकडे खाली माझ्या अंगठ्याचा ठसा. साहेब बराच वेळ पानं उलटत होते. मग म्हणाले, “तुम्ही सही करायचं सोडून दिलंत का?” सबंध विभाग हसला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदावर डाग पडलेला नव्हता. मी रागारागाने घरी आलो आणि आत्याला सगळं सांगितलं. तीही हसली. मग मलाही हसू आलं.

खरं सांगायचं तर ते दिवस फार चांगले गेले. टेबलावर पंखा पसरलेला, त्यामुळे आम्ही तिघं ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो, आणि उभ्याने माणूस जास्त बोलतो असं दिसतं. संध्याकाळी बायको आणि आत्या लिंबाची फोड आणि मीठ घेऊन एकेक पातं घासत बसायच्या. गुरुवारी त्या पात्यात आमच्या दिव्याचं प्रतिबिंब दिसायला लागलं. मोटरीच्या कोपऱ्यात मला एक मोतिया रंगाचं बटण सापडलं. “हे इथे होतं होय!” आत्या म्हणाली. “पंखा तेव्हा माझ्या वर्गात असायचा. याच्यासाठी मी सबंध वर्गाची झडती घेतली होती.” आणि तिने त्या वर्गातल्या मुलींची नावं एकामागून एक सांगितली, हजेरी घ्यावी तशी. मधूनच मला आठवायचं, की शनिवारी बारा वाजता हे सगळं संपू शकतं. की लगेच मी पुढचा भाग पुसायला घ्यायचो.

शुक्रवारी संध्याकाळी जोडणी केली. माझ्या नेहमीच्या, खिडकीकडच्या खुर्चीवर पाती वाळत ठेवली होती, म्हणून मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. वही उघडून एकेक पाकीट रिकामं केलं. वायरी आल्या तेव्हा चिंध्या वाचल्या: डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. खिशात काही उरलं नाही, टेबलावर काही उरलं नाही. त्रेपन्न भाग निघाले, त्रेपन्न बसले. मी वही मिटली आणि बायकोला म्हटलं, “याला पद्धत म्हणतात.” तिने टेबल पुसून तीन ताटं त्यावर मांडली.

शनिवारी दहाला सेक्रेटरी आले, पण वायरमन आला सव्वाअकराला. तोपर्यंत औषधवाले सकुटुंब आले होते, चौथ्या मजल्यावरचे दोघं आले होते. आत्या पंख्यासमोर खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. केस नीट विंचरलेले. सेक्रेटरी वायरिंगवर नजर ठेवायला पंख्याच्या मागच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या हातात सोसायटीच्या कागदांचा गठ्ठा होता. वायरमनने पिन नवी बसवली, इथे टेस्टर लावला, तिथे लावला, आणि मला म्हणाला, “दाबा बटण.”

दाबलं. पंखा घुमला, थरथरला, आणि पाती फिरायला लागली. आधी एकेक मोजता येत होतं, मग नुसतं एक सोनेरी वर्तुळ दिसायला लागलं. कुठे ठिणगी नाही, वास नाही, जिन्यातले दिवे जागच्या जागी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, ते मी तेलाच्या फडक्याने पुसले आणि कपाळ काळं करून घेतलं.

मग माझं आत्याकडे लक्ष गेलं. ती तशीच बसली होती. तिचा एकही केस हलत नव्हता.

“वारा कुठाय रे?” ती म्हणाली.

वारा सेक्रेटरींना मिळत होता. त्यांचे कागद एकेक करून उडत होते, शर्ट अंगाला चिकटला होता, डोळे बारीक झाले होते. पंखा सगळा वारा मागे, भिंतीकडे फेकत होता. “छान लागतोय,” सेक्रेटरी म्हणाले. ते प्रामाणिकपणे सांगत होते, पण त्या क्षणी मला त्यांचा रागच आला.

वायरमनने पंखा बंद करून मागचं झाकण काढलं. “वायरी उलट लागल्यात, साहेब. मोटर उलटी फिरतेय.”

“शक्य नाही,” मी म्हटलं आणि वही पुढे केली. “हे बघा. सव्वीस: डावी. सत्तावीस: उजवी. लाल रेघसुद्धा आहे.”

त्याने वही बघितली, चिंध्या बघितल्या. “कुठे बसून डावी?”

“म्हणजे?”

“काढताना कुठे बसला होता?”

मी खिडकीकडे बोट दाखवलं.

“आणि जोडताना?”

मी पलीकडच्या खुर्चीकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनी पलीकडच्या खुर्चीकडे बघितलं. सव्वीस वर्षं ज्या पद्धतीवर मी जगलो, तिच्यात माणूस कुठे बसला होता हे लिहायला रकाना नव्हता. बायकोने पदर तोंडाला लावला. औषधवाले म्हणाले, “होतं असं कधी कधी. आमच्याकडेही डाव्या डोळ्याचं औषध...” पण त्यांच्या पत्नीने त्यांना थांबवलं.

“दोन मिनिटांचं काम आहे,” वायरमन म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. घड्याळात पावणेबारा झाले होते. माझा जीव भांड्यात पडला. दोन मिनिटं म्हणजे भरपूर वेळ होता.

“थांबा,” आत्या म्हणाली. “म्हणजे अजून दुरुस्त झालेला नाही?”

“झाल्यातच जमा आहे, आजी. ही वायर तिकडे, ती इकडे.”

“झालाय की नाही? एक काय ते सांगा.”

“तसा... नाही झाला,” वायरमन म्हणाला.

“मग हात लावू नका,” आत्या म्हणाली आणि फोनपाशी जाऊन नंबर फिरवायला लागली. नाही झाला तर जाते, असं ती म्हणाली होती, आणि ती बोललेलं फिरवणारी बाई नाही. मी वायरमनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच पंख्याकडे धावलो. बायकोने माझा दंड धरला. “ऐका तरी,” ती हळूच म्हणाली.

“हॅलो,” आत्या बोलत होती. “हो, मीच. खोलीबद्दल फोन केलाय. हो, मी म्हटलं होतं तुम्हाला, माझा पंखा दुरुस्त झाला की येते म्हणून. लक्षात आहे माझ्या. पण तो काही दुरुस्त झालेला नाही.”

मला आधी अर्थच लागेना. आम्हाला सांगितलं होतं, पंखा चालू झाला तर राहते. त्यांना सांगितलं होतं, दुरुस्त झाला की येते. म्हणजे आठवडाभर मी एकेक स्क्रू पुसून आत्याला निरोप द्यायची तयारी करत होतो की तिला ठेवून घ्यायची, ते एकट्या आत्याला ठाऊक होतं. कदाचित पावणेबारापर्यंत तिलाही ठाऊक नसावं.

“नाही, नाही, इथे कुणाला फुरसत नाही असं नाही,” आत्या सांगत होती. “भाच्याने स्वतः हातात घेतलंय ना काम. आता त्याला अर्धवट टाकून कशी येऊ? खोली तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊन टाका.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आत्याने माझ्याकडे, माझ्या काळ्या कपाळाकडे, हातातल्या वहीकडे नीट बघून घेतलं.

“किती दिवस ते कसं सांगू? तो वही ठेवून काम करतो हो. माझ्या हयातीत होईल असं काही मला दिसत नाही.”

फोन ठेवून तिने आपली खुर्ची उचलली, पंख्याला वळसा घालून मागच्या बाजूला नेली आणि सेक्रेटरींना म्हणाली, “सरका.” ते सरकले. मी बटण दाबलं. आत्याने डोळे मिटले आणि वारा अंगावर घेत बसली. माझ्या कामाबद्दल असं चारचौघांत कुणी बोललं असतं तर मी एरवी ऐकून घेतलं नसतं. आज मी सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेलो.